मदुराईची टीव्हीएस : एका कुटुंबाची बससेवा

महाराष्ट्रात 'टीव्हीएस' ही अक्षरे दुचाकीवर दिसतात. तामिळनाडूतील मदुराई आणि तिच्या आसपासच्या जिल्ह्यांत मात्र जुन्या पिढीच्या स्मरणात ती आहेत बसगाड्यांमुळे. दक्षिण भारतातील मोटार वाहतुकीचा पाया घालणाऱ्या कुटुंबांमध्ये या घराण्याचे स्थान अग्रभागी आहे. सुमारे साठ वर्षे या कुटुंबाने प्रवासी बससेवा चालविली. १९७२ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली.

स्थापना

संस्थापक तिरुक्कुरुंगुडी वेंगारम सुंदरम अय्यंगार यांचा जन्म १८७७ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात झाला. त्यांच्या गावाच्या, वडिलांच्या आणि स्वतःच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे मिळून 'टीव्हीएस' हे नाव तयार झाले. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी वकिलीपासून सुरुवात केली. पुढे रेल्वेत आणि बँकेत नोकरी केली. १९११ मध्ये नोकरी सोडून त्यांनी 'टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स' ही पेढी काढली आणि १९१२ मध्ये मदुराईत बससेवा सुरू केली.

रेल्वे त्याआधीच मदुराईला पोहोचली होती. परंतु लोहमार्गापासून दूर असलेल्या गावांना बैलगाडी किंवा घोडागाडी यांखेरीज दुसरे साधन नव्हते. बाजारपेठ, न्यायालय, शाळा व देवस्थाने यांच्याशी या गावांना जोडण्याचे काम मोटारबसने केले. पुढे कुटुंबाच्या बस आणि मालमोटारी 'सदर्न रोडवेज' या कंपनीच्या नावाने धावू लागल्या.

वेळ आणि कार्यशाळा

टप्पा वाहतुकीत मार्ग, थांबे व वेळापत्रक ठरलेले असते. गाडी भरो वा न भरो, ती वेळेवर सुटली पाहिजे. प्रवासी भरेपर्यंत गाडी थांबवून ठेवण्याचा मोह टाळणे हीच या धंद्यातील खरी कसोटी होती. टीव्हीएसची बस पाहून लोक घड्याळ लावीत, असे मदुराईत अजूनही सांगितले जाते. बैलांच्या व घोड्यांच्या नालांचे रस्त्यावर पडलेले खिळे टिपण्यासाठी कंपनी लोहचुंबक लावलेले वाहन फिरवीत असे, ही आठवणही तितकीच प्रसिद्ध आहे. खिळ्याने टायर फुटला की वेळापत्रक कोलमडते, हे त्यामागचे साधे कारण होय.

वेळ पाळायची तर गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. त्यामुळे दुरुस्ती, सुटे भाग आणि टायर ही कामे कंपनीने स्वतःच्या हाती घेतली. जुन्या टायरवर नवा रबर चढविण्याचा उद्योग यातूनच उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई निर्माण झाली, तेव्हा लोणारी कोळशापासून वायू तयार करून त्यावर मोटार चालविणारे 'टीव्हीएस गॅस प्लँट' कंपनीने तयार केले. 'मद्रास ऑटो सर्व्हिस' व 'सुंदरम मोटर्स' यांच्या रूपाने वाहने आणि सुटे भाग यांच्या विक्रीतही कुटुंबाने जम बसविला.

दुसरी पिढी

सुंदरम अय्यंगार १९५५ मध्ये निवर्तले. टी. एस. राजम, टी. एस. संतानम, टी. एस. श्रीनिवासन व टी. एस. कृष्णा या पुत्रांनी व्यवसाय पुढे नेला. मोटार खरेदीसाठी हप्त्याने कर्ज देणारी 'सुंदरम फायनान्स' १९५४ मध्येच स्थापन झाली होती. १९६० च्या दशकात चाके, ब्रेक आणि विद्युत उपकरणे बनविणारे कारखाने उभे राहिले. बस चालविताना ज्या ज्या वस्तूंची निकड भासली, त्या बनविण्याकडे कुटुंब वळत गेले.

राष्ट्रीयीकरण

मुंबई राज्यात सरकारी एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली आणि पुढे खासगी बसमालक टप्पा वाहतुकीतून बाहेर पडत गेले. तामिळनाडूत मोठ्या खासगी कंपन्या आणखी दोन दशके टिकल्या. १९७१ मध्ये मोठा ताफा बाळगणाऱ्या मालकांच्या बस ताब्यात घेण्याचा कायदा झाला. त्यावेळी एम. करुणानिधी मुख्यमंत्री होते. जानेवारी १९७२ मध्ये टीव्हीएसच्या बसगाड्या 'पांडियन रोडवेज कॉर्पोरेशन'कडे गेल्या. त्याच वर्षी पोल्लाची येथील 'आनैमलई बस ट्रान्सपोर्ट' या गौंडर कुटुंबाच्या कंपनीचे मार्ग कोइमतूरच्या 'चेरन' महामंडळाकडे आले, तर कुंभकोणमला 'चोळन' महामंडळ स्थापन झाले. कुटुंबांच्या नावांची जागा अशा रीतीने तमिळ राजवंशांच्या नावांनी घेतली. १९९७ मध्ये ही नावेही काढून या महामंडळांना 'तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळ' हे एकच नाव देण्यात आले.

मागे काय उरले

बस गेल्या तरी बस चालविण्यातून आलेले ज्ञान कुटुंबाकडेच राहिले. कार्यशाळेतून वाढलेल्या उद्योगांनीच त्याला तारले. त्यात पुढे होसूरच्या दुचाकी कारखान्याची भर पडली आणि १९८० मध्ये तेथील 'टीव्हीएस ५०' ही मोपेड बाजारात आली. आनैमलईचे मालकही आधीच साखर उद्योगाकडे वळले होते. २०२२ मध्ये टीव्हीएस समूहातील कंपन्यांची मालकी कुटुंबाच्या शाखांमध्ये रीतसर वाटली गेली.

प्रवाशांच्या बाजूने पाहता हिशेब सरळ नाही. खासगी कंपनीचे लक्ष वक्तशीरपणा व काटकसर यांवर होते; तोट्याच्या मार्गाचा भार तिने कायम वाहावा, अशी अपेक्षा करता येत नव्हती. सरकारी महामंडळाने आडगावांच्या फेऱ्या व विद्यार्थ्यांच्या सवलती यांची जबाबदारी घेतली. मे २०२१ पासून साध्या शहरी बसमध्ये महिलांना विनामूल्य प्रवास मिळू लागला. त्याची किंमत सरकारी तिजोरीला मोजावी लागते. तामिळनाडूत अनेक मार्गांवर लहान मालकांच्या खासगी बस आजही सरकारी गाड्यांच्या बरोबरीने धावतात. एसटीच्या खासगीकरणाची चर्चा निघते, तेव्हा मदुराईचा हा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे. गाडी वेळेवर सुटावी आणि ती शेवटच्या गावापर्यंत जावी, या दोन्ही अपेक्षा एकाच व्यवस्थेकडून पूर्ण करून घेणे किती अवघड असते, हे त्यातून दिसते.