इटालियन अंग, जपानी इंजिन

अंबरनाथ एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे बाबांच्या १९७८ च्या पद्मिनीचं इंजिन उघडून पडलंय. रीबोअर करायचं की दुसरं टाकायचं? बजेट: दोन महिन्यांचा पगार. स्पोर्ट्स कार नाही हो, पण आमच्या घरची फेरारी तीच :)

गंमत म्हणजे हा जुगाड प्रीमियरने स्वतःच केला होता. पद्मिनीचं इंजिन फियाट ११०० चं, १०८९ सीसी, क्रँकला तीन बेअरिंग. १९८५ साली कंपनीने नवी गाडी आणली, म्हणजे 'नवी' आपल्यापुरती. बॉडी १९६६ च्या फियाट १२४ ची, साचे स्पेनच्या सेआतने वापरून झालेले, आणि आत निस्सानचं ए१२: ११७१ सीसी, पाच बेअरिंग. नावातच सगळं: ११८ एनई, त्यात एनई म्हणजे निस्सान इंजिन!

तेच ए१२ भंगारातून आणून पद्मिनीत बसवणारे बरेच. पण माउंटिंग नवं करा, आरसी बुकावर आरटीओची नोंद करा, आणि ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमच. वेग वाढवून थांबायचं कसं?

शिवाय आई म्हणाली, "तुला हॉस्पिटलातून याच इंजिनावर घरी आणलंय."

असो. रीबोअर सांगितलाय. शनिवारी ब्लॉक आणायला जातोय.