पाटाचं पाणी आणि नाथसागरचे पाहुणे

पाथरी-मानवतकडं पाटाला पाणी सुटलं की गटाच्या बैठकीला निम्म्याच बाया येतात. आम्ही रागवत नाही, भिजवणं काही टळत नसतं. पण हे पाणी जिथून येतं तिथं त्या दिवसांत काय घडतं, हे मागच्या हिवाळ्यात पैठणला जाईपर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हतं.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. गोदावरीवर दहा किलोमीटरची भिंत आणि तिचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा. तोच आपला पाट. पाण्याखाली शंभरावर गावांच्या जमिनी गेल्या. आमच्या गटातल्या एका मावशींचं माहेर त्यातच गेलं. सासरच्या रानाला पाणी आलं ते माहेरच्या मळ्यावरून, असं त्या हसत सांगतात. ऐकणारीला मात्र हसू येत नाही.

तिथली जमीन सपाट. म्हणून पाणी खोल साठण्याऐवजी लांबवर पसरलं. उथळ काठ, चिखल, त्यात किडे, शिंपले, पाणगवत. पक्ष्यांना अजून काय हवं? हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. तो मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळतो, अगदी आपण पीठ चाळतो तसा. १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे हे काही जुनं रान नव्हे, माणसानं धरण बांधलं आणि पाखरांनी ते आपलं मानलं.

आता आपला संबंध बघा. आपण रब्बीला पाणी घेतो तसं तिकडं पाणी उतरतं आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्याच गाळावर पक्षी चरतात. त्याच गाळात जमिनी गेलेल्या घरची माणसं हरभरा, गहू पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. पेरा वाढला की पाखरांची जागा आखडते, फवारणीचं औषध पाण्यात उतरतं. उन्हाळ्यात नदीसुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याला तर आडोसाच नसतो.

त्या माणसांना तिथून हाकला, असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांची जमीन गेली त्यांनी गाळही सोडायचा का? पण औषध मारू नका, एवढं म्हणायला हरकत नाही. तेच पाणी पुढं आपल्या पाटात येतं, गुरं पितात.

मागच्या वेळी मावशी आल्या नाहीत. यंदा येते म्हणाल्यात. त्यांना पाखरांचं फारसं नाही. पाणी उतरलं असेल तर गावचं देऊळ दिसतं का, तेवढं बघायचंय.