तळ्याचा उत्सर्ग आणि घाणेवाडीचा गाळ

जालना जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. पण देणगीतून निसर्ग राखायचा, हा विषय आपल्याकडे तळ्यापाशी सुरू होतो. तेराव्या शतकातला देवगिरीचा मंत्री हेमाद्री आपण हेमाडपंती देवळांपुरता ओळखतो. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानखंड हा स्वतंत्र भाग आहे, तो फारसं कोणी उघडत नाही. धर्मशास्त्रात तळं बांधणाऱ्याने शेवटी ‘उत्सर्ग’ करायचा असतो. म्हणजे पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यायचं. एरवीच्या दानात घेणारा ठरलेला असतो. इथे तसा कोणी नाही, आणि देणाऱ्यालाही जास्तीचा हक्क उरत नाही.

आता बघा, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. पिंजऱ्यातल्या वाघ-बिबट्याचा वर्षाचा खर्च देणगीदार उचलतो. (वाघ अर्थात घरी येत नाही!) ताडोबाचं तंत्र वेगळं. २००६च्या कायदा-दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान मिळालं. पर्यटकांचं शुल्क तिथेच खर्चता येतं, देणग्याही घेता येतात. पण शुल्क देणारा सफारी विकत घेतो. त्याला दान म्हणायला आम्ही तयार नाही.

घाणेवाडी उत्सर्गाच्या जास्त जवळ आहे. निजामाच्या काळातला हा जलाशय जालना शहराची तहान भागवतो. तो गाळाने भरत गेला, तेव्हा शहरातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी वर्गणी काढून गाळ उपसायला घेतला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. गाळ मात्र दर पावसाळ्यात येतो. वर्गणी दर वर्षी कोण काढणार, आणि महापालिका कुठून पुढे येणार, हे अजून बोलायचं राहिलंय.