कौंडण्यपूर

महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील प्राचीन स्थळ व तीर्थक्षेत्र. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या पश्चिम काठावर, अमरावतीपासून सुमारे ४० किमी. अंतरावर. कौंडिण्यपूर असेही लिहितात. संस्कृत ग्रंथांत कुंडिन वा कुंडिनपुर. विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर अशी त्याची ख्याती आहे. बुरूज, तटबंदी किंवा लेणी पाहायच्या अपेक्षेने येणाऱ्याच्या हाती येथे फारसे काही लागत नाही. नदीकाठ, पांढरीची (जुन्या वस्तीची) टेकडी आणि देवळे पायी हिंडल्यावरच या जागेचे वय लक्षात येते. येथून पंढरपूरला जाणारी पायी वारी हा या स्थळाचा आजही चालू असलेला इतिहास होय.

भूरचना : मध्य प्रदेशातील मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावणारी वर्धा येथे अमरावती व वर्धा या जिल्ह्यांची हद्द आखते, पलीकडे आर्वीचा मुलूख लागतो. पुढे ती वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. भोवतालची जमीन कपाशी, तूर व सोयाबीन पिकवणारी काळी. नदीच्या वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण असून त्याच्या जलाशयाला ‘नल-दमयंती सागर’ असे नाव आहे.

आख्याने व साहित्य : महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीचा पिता भीम याचे नगर म्हणून कुंडिन येते. अगस्त्यपत्नी लोपामुद्रा आणि ‘रघुवंशा’तील अजपत्नी इंदुमती याही विदर्भकन्या असल्याने स्थानिक परंपरा त्यांचा मान कौंडण्यपूरला देते. रुक्मिणीची कथा हरिवंशात आणि भागवताच्या दशम स्कंधात आहे. भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरवलेला विवाह टाळण्यासाठी रुक्मिणी एका ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला निरोप धाडते. लग्नाच्या आदल्या दिवशी नववधूने नगराबाहेरील गिरिजेच्या दर्शनाला जावे ही कुळाची रीत आहे आणि तेथून मला न्यावे, असे ती त्यात सुचवते. भागवतानुसार ती सख्या व रक्षकांच्या मेळ्यात देवळापर्यंत पायी जाते. दर्शन घेऊन परतताना श्रीकृष्ण तिला रथात घेतो. पाठलागात हरलेला रुक्मी कुंडिनात पुन्हा पाऊल न ठेवण्याचा पण पाळतो आणि भोजकट नगर वसवतो. भोजकट हे नाव वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक (अचलपूर परिसर) ताम्रपटात प्रदेशनाम म्हणून आढळते.

मराठी कवींना हा विषय फार जवळचा. महानुभाव कवी नरेंद्र आणि संत एकनाथ यांची ‘रुक्मिणीस्वयंवर’ काव्ये प्रसिद्ध आहेत. आद्य मराठी कवयित्री महदाइसा हिने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहावर रचलेले ‘धवळे’ याच जिल्ह्यातील रिद्धपूरचे.

रुक्मिणीहरणाच्या स्थळावर एकाहून अधिक गावांचा दावा आहे. कौंडण्यपूरच्या अंबिका मंदिराप्रमाणे अमरावतीच्या अंबादेवी मंदिराशीही ही कथा जोडली जाते. ईशान्य भारतात आसाममधील सदियाचा परिसर आणि अरुणाचल प्रदेशातील भीष्मकनगर यांच्याशी तिचा संबंध सांगितला जातो, तर गुजरातेत पोरबंदरजवळील माधवपूरला या विवाहाची जत्रा भरते.

उत्खनन : पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी १९६०च्या दशकात येथील पांढरीत उत्खनन केले; त्याचा अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६८ साली प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वीच्या लोहयुगीन वस्तीपासून सातवाहनकाळापर्यंत आणि पुढे मध्ययुगापर्यंत येथे वेगवेगळ्या टप्प्यांत माणूस राहत होता, हे त्यातून दिसून आले. नगर फार जुने होते एवढे कुदळीने सिद्ध केले. भीष्मकाचा वाडा मात्र ग्रंथांतच राहिला. वाकाटकांच्या काळात सत्तेचे केंद्र रामटेकजवळील नंदिवर्धनकडे गेले, तरी कुंडिनाची आठवण काव्य-पुराणांनी टिकवली.

पायी पाहण्याजोगे : विठ्ठल-रुक्मिणी मंदिर नदीलगतच्या टेकडीवर आहे. वरून नदीचे पात्र आणि पलीकडचा काठ नजरेत येतो. राजधानीला ही जागा का निवडली असावी याचे उत्तर तेथेच मिळते. पाणी जवळ, पूर आला तरी वस्ती उंचावर आणि भोवती कसदार जमीन. अशा जुन्या वस्तीच्या टेकडीवर पायाखालीही लक्ष असावे. पावसाने पडलेल्या ओघळींच्या कडेला राखेचे पट्टे, विटांचे तुकडे आणि खापरे थरांनी दिसतात. विदर्भातील लोहयुगीन वस्त्यांचे ओळखचिन्ह म्हणजे काळी-तांबडी खापरे. भांडे भट्टीत पालथे रचले की आत हवा पोहोचत नाही, म्हणून आतली बाजू व काठ काळा होतो. उघडी राहिलेली बाहेरची बाजू तांबडी भाजते. एकाच तुकड्यावर हे दोन रंग पाहता येतात. खापर उचलून नेऊ नये; थरातून सुटलेल्या तुकड्याचा काळ ठरवणे अभ्यासकांना अवघड जाते. टेकडी, घाट आणि अंबिका मंदिर असा फेरा सावकाश अर्ध्या दिवसात होतो.

पायी वारी : रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाते. परंपरेनुसार १५९४ साली संत सदाराम महाराजांनी ही वारी सुरू केली. मानाच्या इतर पालख्या ज्ञानदेव, तुकाराम, एकनाथ, मुक्ताबाई अशा संतांच्या आहेत. ही मात्र खुद्द देवीची, माहेराहून सासरी निघालेली. वऱ्हाडातून पंढरपूर गाठायला महिन्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे आळंदी-देहूच्या पालख्यांच्या बऱ्याच आधी हिचे प्रस्थान होते. सुरुवातीचे मुक्काम विदर्भाच्या उन्हात आणि पुढची वाट पावसात पडते. मृगाच्या आगेमागे काळी जमीन चिखल धरू लागते, तेव्हा चप्पल हातात घेऊन चालावे लागते. अमरावती शहरात पालखीचे जाहीर स्वागत होते. करोनाकाळात, २०२१ साली, शासनाने परवानगी दिलेल्या दहा मानाच्या पालख्यांत कौंडण्यपूरची पालखी होती; त्या वर्षी पालख्या एसटी बसने नेण्यात आल्या आणि पायी चालणे शेवटच्या थोड्या अंतरापुरतेच उरले.

कार्तिकात ओघ उलटा असतो. कार्तिकी एकादशी आटोपून विठ्ठल कौंडण्यपूरला येतो, अशी श्रद्धा असल्याने कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते. परिसरातील गावांच्या दिंड्या पायी येतात आणि दहीहंडीने सोहळ्याची सांगता होते.

जोडस्थळे : तिवसा तालुक्यातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मोझरी येथील गुरुकुंज आश्रम आहे. मोर्शी तालुक्यात महानुभावांचे रिद्धपूर आणि सातपुड्याच्या पायथ्याचे सालबर्डी आहे. डोंगर चढण्याची हौस असणाऱ्यांसाठी चिखलदऱ्याजवळ गाविलगड, तर अकोला जिल्ह्यात नरनाळा हे गिरिदुर्ग आहेत.

प्रवास व हंगाम : अमरावतीहून कुऱ्हामार्गे येता येते, आर्वीकडूनही रस्ता आहे. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वे, धामणगाव आणि पुलगाव ही स्थानके दक्षिणेस आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर फिरावे. पावसाळ्यात टेकडीचा उतार निसरडा होतो आणि वर्धेला पूर येत असल्याने पात्रात उतरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायला उत्तम काळ. यात्रा पाहायची असल्यास कार्तिक पौर्णिमा आणि पालखीचे प्रस्थान पाहायचे असल्यास आषाढीच्या महिनाभर आधीचे दिवस गाठावेत.