जुना घरगुती संगणक: काय बदलावे, कुठे थांबावे

नारायणगाव, मंचर, ओतूर किंवा घोडेगावात आठ-दहा वर्षांचा संगणक दुरुस्तीला नेला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "किती साली घेतला?" साल कळले की निकाल लागतो: "आता नवीनच घ्या." हा निकाल तपासून पाहण्यासारखा आहे. वय म्हणजे बिघाड नव्हे. २०१४ साली प्रोसेसर एका सेकंदात जितकी आकडेमोड करत होता, तितकीच तो आजही करतो. घरगुती वापराच्या मुदतीत सिलिकॉनचा वेग झिजत नाही.

मग संगणक का मंदावतो? त्याची कारणे तीन जातींची आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. पहिली जात झिजेची. फिरणारी हार्ड डिस्क, पंखा, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातले कपॅसिटर, यूपीएसची बॅटरी हे भाग खरोखर म्हातारे होतात. दुसरी जात भार वाढल्याची. यंत्र तेच राहते, पण ब्राउझर, संकेतस्थळे आणि व्हिडिओ कॉल दरवर्षी जास्त मेमरी मागतात. तिसरी जात आधार काढून घेतल्याची. यंत्र आणि काम दोन्ही जागेवर असतात, पण कार्यप्रणालीचा निर्माता सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवतो. झिजेला सुटा भाग पुरतो, वाढलेल्या भाराला क्षमता लागते आणि आधार गेल्यावर या दोन्हींचा उपयोग नसतो. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते एका जातीच्या दुखण्यावर दुसऱ्या जातीचे औषध दिल्यामुळे.

खोडदचा दाखला

जुन्या यंत्रात नेमके काय बदलावे, याचा उत्तम धडा याच परिसरात उभा आहे. नारायणगावजवळ खोडदला राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, परिसरातल्या शाळांची मुले तिथले प्रदर्शन पाहायला जातात.

या दुर्बिणीची मूळ यंत्रणा एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐकू शकत होती. तिची संवेदनक्षमता वाढवायची तर दोन मार्ग होते. पहिला, तबकड्या वाढवणे. संवेदनक्षमता एकूण क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साडेतीन पट क्षमता हवी तर ३० च्या जागी शंभराहून अधिक तबकड्या लागल्या असत्या. दुसरा, पट्टा रुंद करणे. अखंड पट्ट्यातल्या निरीक्षणात संवेदनक्षमता पट्ट्याच्या रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३२ वरून ४०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे साडेबारा पट, आणि साडेबाराचे वर्गमूळ साधारण साडेतीन. हा हिशेब आदर्श स्थितीतला आहे, प्रत्यक्षातला लाभ त्याहून थोडा कमीच. तरीही निवड स्पष्ट होती. तबकड्या आणि त्यांचे पाये तसेच राहिले. लहरी टिपणारे फीड, प्रवर्धक, संग्राहक आणि शेवटची गणनयंत्रणा बदलली. या गणनयंत्रणेत आज एफपीजीए या फेरजुळणी करता येणाऱ्या चिपांच्या पाट्यांबरोबर ग्राफिक्स प्रोसेसर काम करतात, म्हणजे मुलांच्या खेळांसाठी जी जात विकसित झाली तीच.

यातून घरच्या यंत्राला लागू पडणारा मुद्दा असा: बदलाचा निर्णय भागाच्या वयावरून होत नाही, अडथळा कुठे आहे यावरून होतो. तबकड्या जुन्या होत्या पण आड येत नव्हत्या. पट्टा अरुंद होता, तो आड येत होता.

अडथळा शोधण्याचे गणित

जीन अ‍ॅमडाल या संगणक-अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेले एक तत्त्व इथे पुरते. कामाच्या ज्या हिश्श्याला तुम्ही वेग देता, तो हिस्सा एकूण वेळेत किती आहे, यावर लाभाची कमाल मर्यादा ठरते. विहिरीवर पाचऐवजी साडेसात एचपीची मोटर बसवली, पण पाइपलाइन जुनी दोन इंचीच राहिली, तर शेवटच्या सरीला पाणी किती वाढेल हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

आकडे घेऊन पाहू. समजा, बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत १०० सेकंद लागतात. त्यांतले ८० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात, २० सेकंद प्रोसेसरच्या कामात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातला तर ९० सेकंद लागतील. जगातला सर्वांत वेगवान प्रोसेसर आणला तरी ८० च्या खाली उतरता येणार नाही. उलट डिस्कचा हिस्सा दहा पटींनी वेगवान केला तर एकूण वेळ २८ सेकंदांवर येतो.

दहा पट ही अतिशयोक्ती नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद लागतात. ते शीर्ष सरकवायला आणखी आठ-नऊ. अशा गतीने विखुरलेल्या फायली सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा वाचता येतात. एसएसडीत काही फिरत नाही, सरकत नाही. तिथे हेच काम सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होते. कार्यप्रणाली सुरू होताना नेमक्या अशाच हजारो विखुरलेल्या फायली वाचल्या जातात. म्हणून हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकाला एसएसडी बसवणे हा घरगुती वापरात सर्वाधिक फळ देणारा बदल आहे, असे माझे ठाम मत आहे.

पण इथे एक फसगत होते. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसतो आणि माणूस डिस्कलाच दोष देतो. त्याच वेळी शेजारचा मेमरीचा रकाना पाहायला हवा. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मेमरी भरते. मग कार्यप्रणाली मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवू लागते आणि लागेल तसा परत आणते. तेव्हा दिसतो तो ताण डिस्कचा, पण कमतरता मेमरीची असते. अशा वेळी नुसती एसएसडी घातली तर त्रास कमी होईल, कारण जाईल असे नाही. नुसती मेमरी वाढवली तर टॅब बदलताना अडखळणे थांबेल, पण यंत्र सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागेल. म्हणून दोन्ही रकाने, नेहमीचे काम चालू असताना, एकत्र वाचावेत. प्रोसेसरचा रकाना सतत शंभरीला टेकलेला असेल तरच त्याच्याकडे वळावे. तेही कॅबिनेट उघडून धूळ काढल्यानंतर, कारण उष्णतासारक (हीट सिंक) धुळीने बुजला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. बेल्हे आणि आणे पठाराच्या कोरड्या पट्ट्यात हे वरचेवर घडते. भीमाशंकर, आहुपे, घाटघरकडे पावसाळ्यातली दमट हवा मेमरीच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढवते. तिथे पट्टी काढून खोडरबराने हलके घासून परत बसवली की "मेलेला" संगणक पुष्कळदा उठून बसतो. हे दोन्ही उपाय जवळजवळ फुकटचे आहेत आणि कोणत्याही खरेदीच्या आधी करायचे आहेत.

विजेचा प्रश्न

या भागात विजेचा विचार केल्याशिवाय संगणकावर पैसे घालणे मला चुकीचे वाटते. शेतीपंप सुरू होताना दाब खाली येतो, वळवाच्या पावसात वीज येते-जाते, आणि कित्येक घरांत अर्थिंग नावालाच असते. ज्या एसएमपीएसने आठ वर्षे हे सोसले, त्यावर नवी एसएसडी आणि नवी मेमरी जोडणे म्हणजे त्या वस्तू त्याच्या हवाली करणे.

त्याची तपासणी सोपी आहे. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावरही पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरेल अशी त्याच्या मानकात अपेक्षा असते. हा तग कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर असतो आणि कपॅसिटर सुकत गेले की तो घटतो. घरातल्या इन्व्हर्टरला वीज बदलून द्यायला काही मिलिसेकंद लागतात. पूर्वी लाइट गेली तरी चालू राहणारा संगणक आता त्याच इन्व्हर्टरवर दर वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी इन्व्हर्टरची कळ "यूपीएस" या बाजूला आहे का ते पाहावे. ती बरोबर असेल तर एसएमपीएस थकला आहे असे समजावे. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर मात्र सुधारणेचा विचारच सोडावा. आणि घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जाऊन बँकेचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर तो दोष तीन व्होल्टच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलचा आहे. एवढ्यावरून अख्खा संगणक टाकून देऊ नये.

आधार संपल्यावर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्यांना घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूटची सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्याच्या यादीत आहेत. परिणामी २०१६-१७ पर्यंत घेतलेली, एसएसडी आणि आठ जीबी मेमरी घातल्यावर उत्तम पळणारी यंत्रे दारातच अडली. हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. चालत्या यंत्राला नियमाने म्हातारे ठरवले गेले, आणि त्याची किंमत मोजणार ते वर्षाच्या पिकातून एकदाच संगणक घेऊ शकलेले घर.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या दुकानांत केल्या जातात. तशा यंत्राला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी निर्माता देत नाही. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात आणि आधार कार्डाच्या आणि सातबाऱ्याच्या प्रती साठतात, त्या यंत्रावर ही युक्ती करू नये. ब्राउझर, ईमेल, पत्रे आणि मुलांचे व्हिडिओ एवढेच काम असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत कार्यप्रणाली त्याच यंत्रावर बसवता येते आणि तिला नियमित दुरुस्त्या मिळतात. हिशेबासाठी टॅली वापरणारा अडत्या मात्र त्या वाटेने सुखाने जाणार नाही, कारण त्याचे सॉफ्टवेअर विंडोजवरचे आहे.

घरी बसून डीटीपीचे काम करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे, आणि मराठीपुरती ती सर्वांत गंभीर आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिले, पतसंस्थांचे अहवाल वर्षानुवर्षे पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये बसवले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. त्या फायलींत देवनागरी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांचे संकेत आहेत आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. फाँट गेला की मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. अशा माणसाने नवे यंत्र आणले तरी जुने मोडू नये. त्याची इंटरनेटची जोडणी काढावी, ते फक्त जुन्या फायलींसाठी ठेवावे, आणि मागणी येईल तसा एकेक मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. इथे आधार संपल्याने फारसे बिघडत नाही, कारण जे यंत्र जाळ्यात नाही त्यावर जाळ्यातून हल्ला होत नाही. पेन ड्राइव्हची मात्र काळजी घ्यावी.

थांबण्याची जागा

एक भाग बदलल्यावर दुसरा बदलणे भाग पडत असेल, तिथे सुधारणा संपते आणि नवी खरेदी सुरू होते. एसएसडी बदलताना बाकी काही हलत नाही. मेमरीचेही तसेच, फक्त डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही हे पाहावे, आणि काही लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डाखलेली असते. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा म्हटले की मदरबोर्ड बदलतो. त्यासोबत मेमरी बदलते, आणि संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असल्याने तोही बहुधा जातो. उरतो फक्त पत्र्याचा डबा. त्या पत्र्यासाठी पुण्याला तापकीर गल्लीत सुटे भाग शोधत हिंडण्यात अर्थ नाही.

खर्चाचा हिशेब मिळणाऱ्या वर्षांवर करावा. समजा, सुधारणेला ५,००० रुपये लागतात आणि नव्या, आठ वर्षे चालणाऱ्या यंत्राला ३५,०००. नव्याचा वार्षिक खर्च ४,३७५ रुपये. म्हणजे सुधारलेले यंत्र सुमारे चौदा महिने टिकले की खर्च भरून निघतो, आणि दोन वर्षे टिकले तर वर्षाला अडीच हजारच पडतात. यात वर्षे मोजताना नव्या भागाचे आयुष्य धरू नये. जो घटक आधी संपणार, मग तो मदरबोर्ड असो की कार्यप्रणालीचा आधार, त्याचे आयुष्य धरावे. साटा जोडणीची एसएसडी पुढे नव्या यंत्रात किंवा बाहेरच्या डबीत वापरता येते, तेव्हा खऱ्या अर्थाने बुडणारी रक्कम मेमरीपुरतीच असते.

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुला-मुलीच्या घरी हा हिशेब उलटा लागतो. त्रिमितीय आराखड्यांची सॉफ्टवेअरे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींवर भार टाकतात, शिवाय चार वर्षांची मुदत आधीच ठरलेली असते. तिथे दहा वर्षांच्या यंत्रावर एक रुपयाही घालू नये. नवा लॅपटॉप घ्यावा, मेमरी पुढे वाढवता येईल असा पाहून घ्यावा, आणि जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो घरातल्या धाकट्यांना द्यावा.