भोर-वेल्ह्याचा कौल आणि मध्यावधीची भाकिते

निवडणूक जाहीर झाली, की भाकितांना ऊत येतो. एस.टी.च्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणातही जो तो कोण येणार आणि कोण पडणार याचे गणित मांडू लागतो. निवडणूक मुदतीआधी, म्हणजे मध्यावधी असली तर या गणिताला अधिकच रंग चढतो. या गणितात मतदाराला क्वचितच माणूस म्हणून मोजतात. ‘ख्रिस्ती मते कोणाकडे?’ हा प्रश्न आपल्या कुटुंबांनी अनेकदा ऐकला आहे. जणू एका धर्मग्रामातील सारी माणसे म्हणजे एकच गाठोडे, आणि ते कोणी तरी उचलून एका पारड्यात टाकायचे! डोंगरातल्या मतदाराच्या वाट्यालाही हेच येते. म्हणूनच पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या मतपेटीचा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोनच पर्यायांचा उबग का येतो आणि भाकिते का चुकतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात एकाच ठिकाणी सापडते.

प्रथम ‘मध्यावधी’ या शब्दाविषयी. अमेरिकेत मध्यावधी निवडणूक ठरलेल्या वेळी येते. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर प्रतिनिधीगृहाच्या सर्व आणि सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागांसाठी मतदान होते. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला त्यात फटका बसतो, असा तेथील रूढ ठोकताळा आहे. परंतु १९३४, १९९८ आणि २००२ या वर्षी तो खोटा ठरला. २०२२ साली रिपब्लिकन पक्षाची मोठी लाट येणार असे अनेकांनी छातीठोकपणे सांगितले. प्रत्यक्षात त्या पक्षाला प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २१३ असे निसटते बहुमत मिळाले आणि सिनेट डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. आपल्याकडील मध्यावधी निवडणूक मात्र आगंतुक पाहुण्यासारखी येते. सरकार कोसळते किंवा सत्ताधाऱ्यांना मुहूर्त सोयीचा वाटतो, आणि सभागृह विसर्जित होते. १९७१ साली लोकसभेची पहिली मध्यावधी निवडणूक झाली, तेव्हा विरोधकांच्या बड्या आघाडीची बेरीज कागदावर भरभक्कम दिसत होती. मतपेट्या उघडल्या तेव्हा इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या होत्या.

आता भोर-वेल्ह्याकडे वळू. राजगड, तोरणा आणि रोहिडा या किल्ल्यांच्या सावलीतला हा मुलूख दीर्घकाळ पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत होता. ब्रिटिश मुलखातील मुंबई प्रांतात १९३७ साली निवडणूक होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तेव्हा संस्थानी प्रजा त्या मतदानाच्या बाहेर होती. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रौढ स्त्री-पुरुषांनी प्रथमच समान मताधिकार बजावला. कालपर्यंत दरबारात अर्ज घेऊन उभा राहणारा माणूस आता स्वतः कौल देऊ लागला. या संक्रमणाचे मोल मोठे होते, हे पुढील कटू हकीगत वाचताना विसरू नये.

दोन बाजूंची लढत ही मुळात वाईट गोष्ट नव्हे, याचा दाखला १९५७ ची निवडणूक देते. त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात एका बाजूला काँग्रेस आणि दुसऱ्या बाजूला समाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट, रिपब्लिकन विचारांचे पक्ष एकत्र आणणारी संयुक्त महाराष्ट्र समिती असा सरळ सामना होता. काँग्रेसची या भागात मोठी पडझड झाली. यशवंतराव चव्हाणांसारखा नेताही कराडात थोड्या मतांनी वाचला. मतदारापुढे त्या वेळी दोन पारडी होती, पण त्यांच्या मधोमध मराठी भाषकांचे राज्य हवे की द्विभाषिक चालू ठेवावे, असा एक खरा प्रश्न होता. १ मे १९६० रोजी त्याचे उत्तर मिळाले, समितीचे प्रयोजन संपले, आणि १९६२ साली २६४ पैकी २१५ जागा जिंकून काँग्रेस पुन्हा एकछत्री झाली.

त्यानंतरची लढत मात्र पक्षांची कमी आणि भावकीची अधिक झाली. १९७८ च्या जानेवारीत काँग्रेस दुभंगली आणि फेब्रुवारीत महाराष्ट्रात तिचे दोन तुकडे परस्परांविरुद्ध उभे ठाकले. एकाला ६९, दुसऱ्याला ६२ आणि जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या. ज्यांनी गावोगाव एकमेकांची उणीदुणी काढली होती, त्या दोन्ही काँग्रेसनी वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावली. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. १९८० च्या जानेवारीत लोकसभेची मध्यावधी निवडणूक इंदिरा गांधींनी ३५३ जागांनी जिंकली. फेब्रुवारीत पवारांचे सरकार बडतर्फ झाले आणि मे महिन्यात विधानसभेचीही मध्यावधी निवडणूक होऊन काँग्रेस (आय) ला १८६ जागा मिळाल्या. १९८६ साली पवार स्वगृही परतले. दोन-अडीच वर्षांत दोनदा विधानसभेसाठी कौल मागितला गेला. पण डोंगरातल्या मतदाराला विचारलेला प्रश्न एकच होता : भावकीतला कोणता भाऊ तुमचा?

हाच प्रश्न १९९९ साली भोरमध्ये सर्वांत टोकदारपणे उभा राहिला. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधी यांच्या परदेशी जन्माचा मुद्दा उपस्थित केला. पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. काँग्रेसची ही फूट लाभदायक ठरेल, असा हिशेब राज्यातील शिवसेना-भाजप युतीने केला आणि सहा महिने मुदत शिल्लक असतानाच विधानसभा विसर्जित करून लोकसभेबरोबर तिचीही निवडणूक घडवून आणली. मध्यावधीचा निर्णय हाच मुळी एका भाकितावर आधारलेला होता.

भोरची जागा काँग्रेसचे ज्येष्ठ नेते व माजी मंत्री अनंतराव थोपटे यांची होती. राजगड सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांमधून त्यांचे वजन गावोगाव पोहोचले होते आणि राज्यात काँग्रेसचे सरकार आले तर मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचेही नाव घेतले जात होते. भाकित करणाऱ्याने ज्या जागेची चिंता करू नये, अशी ही जागा. निकाल लागला तेव्हा नव्या राष्ट्रवादी काँग्रेसचे काशिनाथ खुटवड विजयी झाले होते. चार महिन्यांपूर्वी अस्तित्वातही नसलेल्या पक्षाने भोरचा गड सर केला, कारण लढणारे दोघेही एकाच घरातले होते. निष्ठा, सोयरिकी, सहकारी सोसायट्या, दूध संस्था, सारे काही उभे चिरले गेले. एका वाड्यात दोन चुली झाल्या. पराभवाचे शल्य तालुक्याच्या राजकारणात पाव शतक ठसठसत राहिले.

राज्यभरचे आकडे पाहिले तर युतीचा हिशेब कोठे फसला ते कळते. काँग्रेसला सुमारे २७ टक्के मते व ७५ जागा, राष्ट्रवादीला सुमारे २३ टक्के मते व ५८ जागा मिळाल्या. शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६. म्हणजे फुटलेल्या दोन काँग्रेसची मिळून १३३, तर एकत्र लढलेल्या युतीची १२५. विशेष म्हणजे त्याच मतदारांनी त्याच वेळी लोकसभेसाठी युतीला ४८ पैकी २८ जागा दिल्या. एकाच खोलीत दोन मतपत्रिका हातात घेऊन मतदाराने दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरे उत्तर दिले. त्याला गाठोडे समजणाऱ्या सर्वांना हे अनपेक्षित होते.

परंतु या शहाणपणाची किंमत काय झाली? १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली दोन्ही काँग्रेसचे संयुक्त सरकार आले. ज्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर पक्ष फुटला, ज्या मुद्द्याने आपल्या ख्रिस्ती घरांतही अस्वस्थता निर्माण केली, कारण ‘परका’ हा शब्द अखेर कोणाकोणाला चिकटवला जातो हे आपल्याला ठाऊक आहे, तो मुद्दा सत्तेची वाटणी होताच राज्यात बाजूला पडला. २००४ साली केंद्रातही तीच सोयरीक झाली. भोर-वेल्ह्यातल्या ज्या दोन भावांनी या मुद्द्यावर बोलणे टाकले होते, त्यांची समजूत कोणी घातली? वर तह झाला, खाली जखमा राहिल्या. दोन पक्षांच्या राजकारणाविषयी सामान्य माणसाचा जो वैताग आहे, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोहोंचा झरा एकच!

मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली असे मांडले, की ज्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, तेथे हळूहळू दोनच पक्ष उरतात. कारण तिसऱ्याला दिलेले मत वाया जाईल या भीतीने मतदार पहिल्या दोघांकडेच वळतो. आपल्या विशाल देशात दोनच पक्ष उरले नाहीत, पण मतदारसंघाच्या पातळीवर दोन गट मात्र उरले. त्यात कर्ज सोसायटीकडून, उसाची तोड कारखान्याकडून आणि मुलाची नोकरी संस्थेकडून मिळणार असेल, तर तिसरा पर्याय निवडण्याचे धाडस कोण करणार? हे दडपण मतदार बोलून दाखवीत नाही, म्हणून पाहणी करणाऱ्याच्या कागदावर ते उतरत नाही. भाकिते चुकतात याचे एक कारण हे मौन आहे.

दुसरे कारण असे, की येथील खरा प्रश्न कोणत्याच पारड्यात पडत नाही. भोर तालुक्यातील भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर नीरा कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडील शिवारे ओलिताखाली आणली. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुणे शहर पिते. धरणांत खोऱ्यातील गावांच्या जमिनी गेल्या, आणि ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण काठावरल्या वाड्यांना उन्हाळ्यात शब्दशः लागू पडते. घरटी एखादा तरणाबांड मुलगा मुंबई-पुण्यास गेलेला. मतदानाच्या दिवशी तेवढी त्याला आणायला गाडी येते. पाण्यात वाटा किती, पुनर्वसन कोठे, रोजगार कोठला, हे प्रश्न दोन्ही गटांच्या सभांत उच्चारले जातात; पण एकाने अमुक करावे आणि दुसऱ्याने त्याविरुद्ध तमुक, असा १९५७ सारखा निवाडा मतदाराला मागितला जात नाही.

अलीकडचा इतिहासही याच वाटेने गेला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर भोर, वेल्हे आणि मुळशी असा मतदारसंघ झाला. २००९, २०१४ आणि २०१९ असे तीनदा अनंतरावांचे पुत्र संग्राम थोपटे काँग्रेसतर्फे निवडून आले. २०२३ साली राष्ट्रवादी फुटली आणि बारामती लोकसभेची लढत खुद्द पवार घराण्यात झाली. मार्च २०२४ मध्ये शरद पवारांनी अनंतरावांच्या घरी जाऊन भेट घेतली. पाव शतकाचे वैर वरच्या मजल्यावर मिटले आणि भोरने सुप्रिया सुळे यांना मताधिक्य दिले; बारामतीत त्या १ लाख ५८ हजारांवर मतांनी जिंकल्या. त्यावरून विधानसभेचे भाकित कोणीही केले असते. मात्र नोव्हेंबरमध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांनी संग्राम थोपटे यांचा पराभव केला. राज्यातही जूनमध्ये ४८ पैकी १७ जागांवर थांबलेली महायुती नोव्हेंबरात २८८ पैकी २३० वर पोहोचली. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्यांना काँग्रेसचे म्हणून मत देणाऱ्या लाखभर माणसांनी आता आपले मत कोठे शोधावे?

मग या दोन पारड्यांतून सुटका नाहीच काय? २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदाराला दिला. त्यातून नापसंती नोंदवता येते, निकाल मात्र बदलत नाही. अधिक बोलका दाखला आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाच्या वसईचा आहे. गावे महापालिकेत घालण्याच्या प्रश्नावर २००९ साली तेथे जनआंदोलन उभे राहिले आणि विवेक पंडित अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. पाच वर्षांनी ती जागा पुन्हा जुन्या सत्ताधाऱ्यांकडे गेली, हेही खरे. तरीही एवढे सिद्ध झाले, की लोकांनी स्वतःचा प्रश्न स्वतः मांडला तर पारडी तयार करण्याचे काम नेत्यांच्या हाती राहत नाही.

आमच्या मते भोर-वेल्ह्याचा धडा हाच आहे. पक्ष दोन असोत की दहा, कौल मागण्याआधी प्रश्न कोणता विचारला आहे हे महत्त्वाचे. १९५७ साली प्रश्न लोकांचा होता, १९९९ साली तो नेत्यांचा होता. म्हणून पहिल्या लढतीतून राज्य जन्मास आले आणि दुसरीतून केवळ दोन चुली. यापुढे कोणी दारात येऊन ‘यंदा कोण येणार?’ असे विचारील, तेव्हा भाकित सांगण्याऐवजी त्याला ‘आला तर आमच्या पाण्याचे काय करणार?’ असे उलट विचारावे. त्याचे उत्तर लिहून ठेवावे आणि पाच वर्षांनी, अथवा मध्येच निवडणूक आली तर त्याआधीही, ते काढून वाचावे.