कोरोना विषाणूची वाढ : सोळा प्रथिनांचे परस्परावलंबी कार्य

कोरोना साथीच्या काळात देशभरातील कोट्यवधी नागरिकांनी आरटी-पीसीआर चाचणीचे अहवाल पाहिले. त्यांपैकी अनेक अहवालांवर ‘आरडीआरपी’ किंवा ‘ओआरएफ-१एबी’ अशी अक्षरे छापलेली होती. ही अक्षरे विषाणूच्या जनुकीय साखळीतील ज्या भागांची निदर्शक आहेत, त्याच भागांत विषाणूच्या वाढीची यंत्रणा सांकेतिक रूपात साठवलेली असते. या यंत्रणेतील प्रथिने स्वतंत्रपणे फारसे काही साधू शकत नाहीत. परस्परांशी जोडली गेल्यावर मात्र ती एका पेशीत विषाणूच्या असंख्य प्रती घडवतात.

एका साखळीतून सोळा प्रथिने

कोविड-१९ रोगास कारणीभूत असलेल्या सार्स-कोव्ह-२ विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या एकेरी साखळीचा असून त्यात सुमारे ३० हजार न्यूक्लिओटाइड असतात. आरएनए विषाणूंमधील सर्वांत लांब जनुकसंचांत कोरोना विषाणूंची गणना होते. पोलिओ विषाणूचा जनुकसंच याच्या सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे साडेसात हजार न्यूक्लिओटाइडचा असतो.

विषाणू पेशीत शिरल्यानंतर पेशीचे रायबोसोम या आरएनएचे थेट वाचन करून प्रथिने तयार करू लागतात. साखळीचा पहिला सुमारे दोन तृतीयांश भाग दोन अतिदीर्घ प्रथिनांचा संकेत देतो. ठरावीक ठिकाणी रायबोसोम काही वेळा एक न्यूक्लिओटाइड मागे सरकतो आणि वाचनाची चौकट बदलून पुढे जातो. असे घडले तरच दुसरे, अधिक लांब प्रथिन तयार होते. आरएनएच्या प्रती काढणारे मुख्य विकर या पुढच्या भागात असल्याने त्याचे प्रमाण आधीच्या भागातील प्रथिनांपेक्षा कमी राखले जाते.

या दीर्घ प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम त्यांच्याच आत दडलेली दोन प्रोटीएज विकरे करतात. एनएसपी-३ मधील विकर तीन ठिकाणी, तर ‘मुख्य प्रोटीएज’ म्हणून ओळखले जाणारे एनएसपी-५ अकरा ठिकाणी छेद देते. मुख्य प्रोटीएजच्या दोन प्रती एकमेकींना जोडल्या गेल्यावरच ते पूर्ण क्षमतेने कार्य करते. या प्रक्रियेतून एनएसपी-१ ते एनएसपी-१६ अशी सोळा अरचनात्मक प्रथिने मिळतात. ती विषाणूच्या बाह्य रचनेचा भाग नसतात, म्हणून त्यांना हे नाव आहे.

सुरक्षित जागेची उभारणी

एनएसपी-१ रायबोसोममधील आरएनएचा मार्ग अडवून पेशीच्या स्वतःच्या प्रथिननिर्मितीला खीळ घालते. विषाणूच्या आरएनएच्या आरंभी असलेली विशिष्ट रचना त्याला या अडथळ्यातून वाचवते. त्यामुळे पेशीची साधनसामग्री विषाणूच्या कामी येते.

याच सुमारास एनएसपी-३, एनएसपी-४ आणि एनएसपी-६ ही प्रथिने पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलांना वाकवून दुहेरी पटलाच्या पिशव्या तयार करतात. प्रती काढताना निर्माण होणारा दुहेरी आरएनए पेशीच्या संरक्षण यंत्रणेला धोक्याची सूचना देतो. तो या पिशव्यांत दडून राहतो. मात्र, बंद पिशवीतून नवा आरएनए बाहेर कसा पडतो, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. उंदरांमधील एका कोरोना विषाणूच्या अभ्यासातून २०२० मध्ये या दुहेरी पटलांना छेदून जाणारे मुकुटाकार छिद्र आढळले. ते एनएसपी-३ आणि एनएसपी-४ यांच्या एकत्रित रचनेतून बनते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

नक्कल आणि तपासणी

आरएनएची प्रत काढणारे पॉलिमरेज विकर म्हणजे एनएसपी-१२. चाचणी अहवालातील ‘आरडीआरपी’ ते हेच. एकटे असताना त्याची क्षमता अत्यल्प असते. एनएसपी-७ ची एक आणि एनएसपी-८ च्या दोन प्रती जोडल्या गेल्यावर त्याची आरएनएवरील पकड घट्ट होते आणि लांब साखळीची नक्कल शक्य होते. एनएसपी-१३ आरएनएमधील गुंतलेल्या घड्या उलगडते.

पॉलिमरेजकडून नक्कल करताना चुका होतात. जनुकसंच जितका लांब, तितका त्या चुकांचा धोका अधिक. बहुतेक आरएनए विषाणूंकडे दुरुस्तीची सोय नसते. कोरोना विषाणूंमध्ये एनएसपी-१४ हे विकर चुकीने जोडलेला घटक छाटून टाकते. मात्र, त्यासाठी त्याला एनएसपी-१० ची जोड आवश्यक असते. २००३ च्या सार्स विषाणूत ही दुरुस्ती प्रयोगशाळेत निष्क्रिय केल्यावर चुकांचे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढल्याचे दिसून आले.

एनएसपी-१० एनएसपी-१६ लाही साहाय्य करते. ही प्रथिने विषाणूच्या आरएनएच्या टोकावर पेशीच्या आरएनएसारखीच रासायनिक टोपी पूर्ण करतात आणि त्यामुळे पेशीला परका आरएनए ओळखणे अवघड जाते. शेवटी साखळीच्या उर्वरित भागातून काटेरी प्रथिनासह चार रचनात्मक प्रथिने तयार होतात. त्यांपैकी एक प्रथिन नव्या आरएनएला गुंडाळते आणि इतर प्रथिनांच्या आवरणात नवे विषाणू आकार घेतात.

औषधांचे लक्ष्य

या परस्परावलंबनामुळे एक दुवा निकामी झाला तरी पुढील काम अडते. निर्माट्रेलव्हिर हे औषध मुख्य प्रोटीएजला बांधून ठेवते. परिणामी दीर्घ प्रथिनांचे तुकडे पडत नाहीत आणि यंत्रणेची जुळणीच होत नाही. रेमडेसिव्हिर आरएनएच्या घटकाचे सोंग घेऊन साखळीत शिरते. त्यापुढे आणखी तीन घटक जोडले गेल्यावर पॉलिमरेज अडखळते. साखळीच्या अगदी टोकाशी नसल्याने दुरुस्ती करणाऱ्या विकराला ते सहज काढता येत नाही. मोलनुपिराव्हिर याउलट नक्कल थांबवत नाही. चुका इतक्या वाढवते की नव्या प्रती निरुपयोगी ठरतात.

भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिरचा तीव्र तुटवडा निर्माण झाला आणि केंद्र सरकारने ११ एप्रिल रोजी त्याच्या निर्यातीवर बंदी घातली. अनेक कुटुंबांनी रुग्णाची प्रकृती ढासळल्यानंतर या औषधासाठी धावाधाव केली. परंतु विषाणूची वाढ आजाराच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक वेगाने होते. गंभीर अवस्थेतील हानी बऱ्याच अंशी शरीराच्या अनियंत्रित दाहातून होते आणि तेथे नक्कल रोखणाऱ्या औषधांचा उपयोग मर्यादित राहतो. ही औषधे लवकर द्यावी लागतात, त्याचे कारण या प्रथिनांच्या कार्यपद्धतीतच आहे.

काटेरी प्रथिन वेगाने बदलत असल्याने ओमिक्रॉनसारखे उपप्रकार पूर्वीच्या लसींपासून मिळालेल्या प्रतिपिंडांना बऱ्याच प्रमाणात चकवू शकले. त्या तुलनेत नक्कल करणारी प्रथिने कमी बदलतात, कारण एकातील बदल दुसऱ्याशी असलेली जोड बिघडवू शकतो. निरनिराळ्या कोरोना विषाणूंमध्येही त्यांची रचना बरीच समान आहे. त्यामुळे भविष्यात प्राण्यांमधून माणसात येऊ शकणाऱ्या नव्या कोरोना विषाणूविरुद्धच्या औषधांचा शोध प्रामुख्याने याच प्रथिनांभोवती सुरू आहे.